डबीतली चकती

बार्देश तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मजकूर असा: शेजारच्या कॅथलिक मैत्रिणीचे वडील वारले. सातव्या दिवसाच्या मिसला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, ताई गेल्या. लोक रांगेनं पुढे जाऊ लागले, तेव्हा मैत्रिणीच्या आतेनं ‘चल गो’ म्हणून खूण केली, म्हणून त्याही उठल्या. फादरनी तळहातावर पांढरी गोल चकती ठेवली. तो श्रावणी सोमवार होता, उपासाला गहू चालत नाही. म्हणून ताईंनी ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि उद्या खाऊ म्हणून देवघरात चांदीच्या डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या मुलानं तिचा कोपरा मोडून तोंडात टाकला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोर बाटलं. ते आधी नदीत सोड.’ मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली, ‘कुणाकडे बोलू नकोस’ एवढंच म्हणाली, आणि चार दिवस झाले तिचा फोन नाही. ताई विचारतात: त्या चकतीचं काय करू? माझ्या हातून पाप झालं का? आमच्या देवळात प्रसाद येईल त्याला देतात आणि देव तर एकच. मग एवढं काय झालं? शिवाय नाताळानंतर मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि तिनं मला गॉडमदर (बाळाची धर्ममाता) व्हायला सांगितलं होतं, त्याचं आता काय?

ताई,

आधी डबीचं पाहू. बाकीचे प्रश्न चार दिवस थांबतील, गोव्याच्या पावसाळी हवेत गव्हाची चकती थांबणार नाही.

ती आहे तशी राहू द्या. पाण्यात घालू नका, तुळशीत पुरू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि ‘आता उपास सुटला’ म्हणून खाऊही नका. मुलानं मोडलेल्या कोपऱ्याचे कण डबीत पडले असतील तर तेही तसेच असू द्या. झाकण लावा, मुंग्या लागणार नाहीत अशा कोरड्या जागी डबी ठेवा. देवघरातच ठेवलीत तरी हरकत नाही. रुमाल अजून धुतला नसेल तर साबणात टाकण्याआधी एकदा नुसत्या पाण्यात खळबळून घ्या आणि ते पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी घाला. चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रंही धुण्याआधी अशीच विसळतात, एखादा कण राहिला असेल म्हणून. रुमाल आधीच धुऊन वाळला असेल तर तो विषय संपला, त्याचा घोर लावून घेऊ नका.

आणि फोटो काढू नका. ‘हे काय असतं?’ असं विचारत तो एखाद्या व्हॉट्सअॅप गटात गेला, की तुमचा साधा गैरसमज दोन तासांत ‘चर्चमधून पवित्र वस्तू पळवली’ अशी बातमी होऊन फिरेल. मैत्रीण ‘कुणाकडे बोलू नकोस’ म्हणाली त्यामागे ही भीतीही असू शकते.

मग ज्या चर्चमध्ये मिस झाली तिथल्या फादरना भेटा. तिथे जाणं अवघड वाटत असेल तर कुठलंही कॅथलिक चर्च चालेल. रविवारी जाऊ नका, गर्दीत कुणालाच नीट बोलता येत नाही. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळची मिस आटोपल्यावर जा, मिस सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी नको. आदल्या दिवशी पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या, ऑफिसात फोन करून फक्त ‘फादरना भेटायचं आहे’ एवढं सांगितलंत तरी पुरे. ती चकती घेण्याच्या विधीला ‘कम्युनियन’ म्हणतात. फादरपुढे लांबण लावायची गरज नाही: ‘मी हिंदू आहे, कम्युनियन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, प्रसाद समजून घरी नेलं, मुलानं थोडं खाल्लं, बाकीचं परत आणलंय.’ तुमच्या रोजच्या कोंकणीत सांगा. डबी फादरच्याच हातात द्या. ऑफिसातल्या कारकुनाकडे ‘ठेवून जा’ म्हटलं तरी ठेवू नका, कारण त्यात काय आहे ते त्याला माहीत नसणार आणि डबी चार दिवस टेबलाच्या खणात पडून राहील. चांदीची डबी परत हवी असेल तर तिथेच थांबा, ते आतून विसळून देतील.

फादर पुढे काय करतील? चकती चांगली असेल तर बहुधा ते स्वतःच ती ग्रहण करतील. ओलसर झाली असेल, मुलाच्या लाळेचा हात लागला असेल, तर ती पाण्याच्या भांड्यात ठेवतील. काही दिवसांत ती पूर्ण विरघळते. मग ते पाणी एका खास कुंडात ओततात. सॅक्रॅरियम नावाचं हे कुंड अनेक चर्चमध्ये वेदीशेजारच्या खोलीत असतं आणि त्याची नळी गटाराला न जोडता थेट जमिनीत सोडलेली असते. ते नसेल तिथे माणसांचे पाय पडत नाहीत अशा स्वच्छ मातीत पाणी घालतात.

म्हणजे सासूबाईंच्या ‘पाण्यात सोड’ या म्हणण्यात आणि चर्चच्या रीतीत अंतर वाटतं तेवढं नाही. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आपण वाहत्या पाण्यात सोडतो, त्यातही आदरच आहे. पण तुम्ही ती परस्पर नदीत सोडलीत तर मैत्रिणीच्या दृष्टीनं ते टाकून देणं ठरेल, आणि हे प्रकरण तिच्या मनात कायमचं उघडं राहील. परत केलीत तर तिथेच मिटेल.

आता ‘प्रसाद’ या शब्दाकडे येऊ. सगळा घोळ तिथून सुरू झाला आहे, आणि दोष एकट्या तुमचा नाही. उत्तरेकडचे हिंदी बोलणारे कॅथलिक लोक या विधीला ‘परमप्रसाद’ म्हणतात. खुद्द गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं आहे. मराठी ओवीत ख्रिस्ती धर्म सांगायचा तर वापरातलेच शब्द घ्यावे लागतात. असा शब्द दार उघडून देतो, पण आतलं घर आपलंच आहे असंही भासवतो.

प्रसाद म्हणजे काय? आपण देवाला नैवेद्य दाखवतो, देव तो स्वीकारतो आणि त्याची कृपा म्हणून तोच आपल्याला परत मिळतो. खोबरं खोबरंच राहतं, पंचखाद्य पंचखाद्यच राहतं. फक्त ते देवाच्या दृष्टीखालून गेलेलं असतं. म्हणून ते कुणालाही द्यावं, जास्तीत जास्त लोकांना द्यावं, घरी न्यावं, आजारी माणसाच्या तोंडात घालावं. तुम्ही नेमकं तेच केलंत.

कॅथलिक श्रद्धेत ती चकती नैवेद्य नाही. ती देवच आहे. गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढ्याच दोन जिनसांची बिनखमिराची पातळ भाकरी, लोकांना देतात ती सुमारे तीन सेंटिमीटरची. मिसमध्ये फादर तिच्यावर येशूचे शब्द उच्चारतात, ‘हे माझं शरीर आहे’. त्या क्षणापासून ती भाकरी राहिली नाही, असं कॅथलिक चर्च मानतं. रंग, चव, वास, वजन सगळं भाकरीचं. ती मुळात जी वस्तू होती ती मात्र बदलली. द्राक्षारसाचंही तसंच. १२१५ साली बिशपांच्या चौथ्या लॅटरन परिषदेत या बदलाला नाव मिळालं, १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेत ते काटेकोरपणे मांडलं गेलं. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा आठवली ना? जवळ जाणारा दाखला आहे, पण तंतोतंत नाही. प्रतिष्ठा झाल्यावरही पाषाण पाषाणच असतो, देव त्यात वास करतो. इथे देव भाकरीत येऊन राहतो असं म्हणत नाहीत. भाकरी उरतच नाही, असं म्हणतात. आणि भाकरीचं रूप टिकून आहे तोवर हे टिकतं. मिस संपली म्हणून संपत नाही, तुमच्या डबीत आली म्हणूनही संपत नाही. उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या छोट्या कपाटात कुलपात ठेवतात आणि शेजारी अखंड दिवा तेवत असतो, तो यासाठीच.

तेव्हा मैत्रिणीला फोनवर काय ऐकू आलं असेल ते पाहा. तुम्ही म्हणालात, ‘प्रसाद डबीत ठेवलाय, मुलानं कोपरा मोडला.’ तिनं ऐकलं, ‘तुमचा देव डबीत ठेवलाय, आणि पोरानं तो मोडून खाल्ला.’ गप्प होण्यासारखंच आहे. आणि तरीही, न कळत का होईना, तुम्ही ती घरातल्या सर्वांत पवित्र जागी ठेवलीत. हे तिला आवर्जून सांगा. पर्समधल्या पावत्यांबरोबर ती सापडली असती तर गोष्ट वेगळी होती.

‘देव एकच’ हे तुमचं म्हणणं ख्रिस्ती माणूस नाकारणार नाही. त्यांच्या श्रद्धेच्या अंगीकाराचं पहिलं वाक्यच ते आहे. वाट वेगळी होते ती दुसऱ्या वाक्यापासून. तो एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. आपल्याला लगेच ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात, पण तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत. इथे वाटणी नाही, तीन देव नाहीत आणि एकाच देवाची तीन सोंगंही नाहीत. सत्त्व एक, व्यक्ती तीन. पुत्र हा देवानं निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ जीव आहे, असं एरियस नावाचा धर्मगुरू सांगू लागला, तेव्हा ३२५ साली नायसियाच्या परिषदेनं ठरवलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकसत्त्व आहे.

हाच पुत्र माणूस झाला. इथे ‘अवतार’ म्हणावंसं वाटतं. मराठी ख्रिस्ती लिखाणातही तो शब्द दिसतो, पण अर्थ बदलून घ्यावा लागतो. युगायुगांत पुन्हा पुन्हा होणारं हे येणं नव्हे. एकदाच, एका ठिकाणी, एका बाईच्या पोटी. देवानं देह पांघरला आणि काम झाल्यावर उतरवून ठेवला असंही नाही. ४५१ सालच्या कॅल्सिडॉनच्या परिषदेचं सूत्र सांगतं: एक व्यक्ती, दोन स्वभाव, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, सरमिसळ नाही आणि फाळणीही नाही. त्याला खरी भूक लागली, तो खरोखर रडला, खरोखर मेला. पुनरुत्थानानंतरही तो देहासकटच आहे, असं ते मानतात.

आता हे धागे त्या चकतीपाशी जोडा. देवानं खरंच शरीर घेतलं, ते शरीर क्रूसावर माणसांच्या पापासाठी दिलं, आणि त्याच्या आदल्या रात्रीच्या जेवणात भाकरी हातात घेऊन ‘हे माझं शरीर’ म्हटलं. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत हे आहे. त्यांच्याही आधी, घटनेनंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्रात आहे. देहधारणा मनापासून मानणाऱ्याला ‘शरीर’ हा शब्द नुसती उपमा म्हणून सोडून देता येत नाही. त्रैक्य, देहधारणा, क्रूस आणि ती गव्हाची चकती ही एकच साखळी आहे. आपण शेवटची कडी उचलून घरी आणतो आणि मागे एवढं काय ओढलं जातंय, असं वाटत राहतं.

(सगळे ख्रिस्ती एकसारखं मानत नाहीत. ऑर्थोडॉक्स चर्च या बाबतीत कॅथलिकांइतकंच कडक आहे. ल्यूथरचे अनुयायी ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो म्हणतात, पण भाकरीही उरते असं मानतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो स्मरणाचा विधी आहे. गोव्यात ज्यांना ‘बिलिव्हर्स’ म्हणतात त्यांच्यातही बहुतेक तसंच. तुमचं प्रकरण कॅथलिक चर्चमधलं आहे, म्हणून मी तिथलंच सांगते आहे.)

तुमच्या पत्रात एक वाक्य जरा दुखऱ्या सुरात आहे: ‘आम्ही हिंदू म्हणून त्यांना विटाळ झाला का?’ नाही. विटाळ ही कल्पना तिथे लावून पाहू नका, ती या कुलपाची किल्ली नाही. रांगेत फादर प्रत्येकाला ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. हे आमेन म्हणजे सही आहे: हे मी मानतो, आणि ही भाकरी एकत्र खाणाऱ्या मंडळीचा मी भाग आहे. भाकरी एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असं पौल त्याच पत्रात सांगतो. न मानणाऱ्यानं आमेन म्हणणं म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमपुस्तिकेतही बाप्तिस्मा न झालेल्यानं यातलं खाऊ नये असं स्पष्ट आहे. तेव्हा हिंदूंचा संबंध कुठे होता!

शिवाय अडवलं जातं ते फक्त बाहेरच्यांनाच नाही. घेण्याआधी तासभर पाणी आणि औषध सोडून काही खायचं नाही. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर आधी कुमसार करायचा, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली. बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंट माणसालाही ते एरवी देत नाहीत. कोर्टातून घटस्फोट घेऊन, पहिलं लग्न चर्चनं रद्द न ठरवता दुसरं लग्न केलेल्या कॅथलिक माणसालाही सहसा बाकावरच बसावं लागतं. पुढच्या वेळी नीट पाहा, प्रत्येक मिसमध्ये चार-दोन माणसं बसून असतात, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

पापाचं विचारलंत. कॅथलिक शिकवणुकीत मोठं पाप व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: विषय गंभीर हवा, तो गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरतं ठाऊक हवं, आणि तरीही त्यानं ठरवून ते केलेलं हवं. तुमच्याकडे यातली पहिलीच काय ती आहे. चर्चच्या कायद्यातल्या १३८२व्या कलमाखाली (२०२१ साली दंडविधान सुधारल्यापासूनचा हा क्रमांक) अशी चकती फेकणाऱ्याला किंवा विटंबनेच्या हेतूनं नेणाऱ्याला वा ठेवणाऱ्याला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे, आणि ती उठवण्याचा अधिकार रोमकडे राखलेला आहे. मैत्रिणीनं लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात असं काहीतरी ऐकलेलं असणार आणि तेच आठवून ती घाबरली असणार. पण चर्चचा हा कायदा कॅथलिकांना लागू आहे आणि त्याला वाईट हेतू लागतो. तुम्ही त्यात बसत नाही. तीही नाही. तिची आतेही नाही, जिनं बिचारीनं पाहुणी मागे राहू नये म्हणून खूण केली.

उलट, २००४ साली रोमहून निघालेल्या सूचनांत असं आहे की मोठ्या गर्दीच्या मिसला अजाणतेपणी बिगरख्रिस्ती लोक रांगेत येऊ नयेत याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी, योग्य वेळी तसं सांगावं. हातावर चकती दिली तर माणसानं ती तिथेच समोर तोंडात टाकली ना, हेही देणाऱ्यानंच पाहायचं असतं. ज्या गोव्यात चारांत सुमारे एक माणूस ख्रिस्ती आणि उरलेल्यांत बहुसंख्य हिंदू, आणि एकमेकांच्या मयताला जाणं चुकत नाही, तिथे सातव्या दिवसाच्या मिसला अर्ध्या मिनिटाची सूचना द्यायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं. हा मुद्दा फादरपुढे वाद घालायला वापरू नका. ते जरा रागावलेच तर मनात ठेवायला मात्र उपयोगी आहे.

आता सासूबाई. त्यांचं ‘बाटलं’ हसण्यावारी नेऊ नका. विहिरीत पाव टाकला, गावानं पाणी प्यायलं आणि सगळे बाटले, अशा कहाण्या गोव्यापासून वसईपर्यंत घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. १५६० साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं वगळता १८१२ पर्यंत राहिलं. त्या काळाची भीती पिढ्यानपिढ्या झिरपत आलेली आहे. पण त्या कहाण्यांतही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाव पोटात गेल्यानं धर्म जातो, हा नियम आपल्या जातीच्या पंगतीचा होता, चर्चचा नव्हता. चर्चच्या मते खाण्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही. ना पावानं, ना त्या चकतीनं. त्याचं दार एकच, बाप्तिस्मा. डोक्यावर पाणी ओतायचं, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो’ हे शब्द म्हणायचे, आणि देणाऱ्याच्या मनात चर्च करतं तेच करण्याचा हेतू हवा. समज आलेल्या माणसाची स्वतःची इच्छा लागते. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांपैकी निदान एकाची संमती, आणि मूल त्या धर्मात वाढेल अशी खरी आशा असावी लागते. यातलं काहीही तुमच्या देवघरात घडलेलं नाही. मुलानं गव्हाच्या पिठाचा तुकडा खाल्ला. समजेचं वय चर्च साधारण सातव्या वर्षापासून धरतं, त्यामुळे सहा वर्षांच्या पोराकडे कुणी बोट दाखवणार नाही.

सासूबाईंना हे सगळं सांगत बसू नका. ‘ते ज्यांचं त्यांना परत देऊन येते’ एवढं म्हटलंत तर त्यांनाही बरं वाटेल. त्यांना देवघर गोमूत्र शिंपडून शुद्ध करायचं असेल तर करू दे, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. फक्त मैत्रीण घरी आलेली असताना नको.

मैत्रिणीकडे तुम्हीच जा. चार दिवस फोन नाही, पाचव्याची वाट पाहू नका. फोनपेक्षा समोर बसून बोला, आणि सुरुवात ‘मला माहीत नव्हतं’ इथून करू नका. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला हात झटकल्यासारखं वाटतं. ‘तुझ्यासाठी ते काय आहे हे मला आता कळलं’ असं म्हणा, मग ‘मी फादरकडे परत द्यायला जातेय, येशील का बरोबर?’ ती आली तर उत्तम. वडिलांच्या सुतकात तिला हे झेपणार नसेल तर एकट्या जा, आणि झाल्यावर तिला एवढंच कळवा, ‘दिलं परत.’

पुढच्या वेळेसाठी, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसला हौसेनं जाणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही: मिसला जायला कुणालाच बंदी नाही. बाकाच्या टोकाला बसू नका, मधे किंवा मागे बसा. टोकाला बसलात की सगळी ओळ तुमच्या उठण्याची वाट पाहते. सगळे उभे राहतात तेव्हा उभं राहावं. गुडघे टेकतात तेव्हा शांत बसून राहिलात तरी चालतं. शेजारी एकमेकांना शांतीची खूण करतात, तेव्हा हात जोडून नमस्कार करा. हाच तुमचा इशारा, कारण त्यानंतर थोड्याच वेळात रांग लागते. ती लागली की पाय आवरून शेजाऱ्याला वाट द्या आणि बसा. कुणी खूण केली तर मान हलवून नाही म्हणा. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात, पण ही रीत सगळीकडे नाही. नवख्या माणसानं त्या फंदात पडू नये.

यात कुठे परकेपणा वाटत असेल तर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त आठवा. शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून कितीतरी हिंदू तिला तेल आणि फुलं वाहतात, आणि त्यांना कुणी परत पाठवत नाही. कारण तेल, मेणबत्ती, आशीर्वाद, नवस, कणसाच्या फेस्तात आशीर्वादित होणारी भाताची कणसं ही भक्तीची मोकळी अंगणं आहेत. चर्चचा कायदाही बिगरकॅथलिकांना आशीर्वाद द्यायला परवानगी देतो. बाप्तिस्मा, कम्युनियन असे चर्चचे संस्कार सात, ते मात्र घराच्या आतले. खरोखरच प्रसादासारखं काही हवं असेल तर वाड्यावरच्या क्रूसापाशी लादाइन (सामुदायिक प्रार्थना) झाल्यावर वाटतात ते उकडलेले चणे घ्या. ते सगळ्यांसाठी असतात, घरी नेले तरी चालतात. श्रावणी सोमवारी मात्र डब्यात ठेवून मंगळवारी खा.

राहता राहिला बाप्तिस्मा. गॉडमदर तुम्हाला होता येणार नाही. हे मैत्रिणीला माहीत नसेल किंवा प्रेमाच्या भरात ती विसरली असेल. चर्चच्या कायद्यानुसार गॉडपेरंट कॅथलिक हवा, सोळा वर्षं पूर्ण झालेला, कम्युनियन आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला, आणि त्या श्रद्धेप्रमाणे जगणारा. बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंट माणसाला कॅथलिक गॉडपेरंटच्या जोडीनं साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. बाप्तिस्माच न झालेल्याला तेही नाही. कारण कम्युनियनच्या वेळचंच. त्या दिवशी आईवडील आणि गॉडपेरंट यांना सैतानाचा त्याग करतो का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतो का, असं विचारतात आणि मोठ्यानं उत्तर द्यावं लागतं. तुम्ही तिथे उभ्या राहिलात तर दुसऱ्यांदा न वाचता सही होईल.

दोन गॉडपेरंट हवेतच असंही नाही, एक पुरतो. त्यामुळे तुम्ही नाही म्हटल्यानं काही अडणार नाही. फक्त हे आत्ताच सांगा. पॅरिशमध्ये अर्ज भरताना गॉडपेरंटच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो, आणि त्या टेबलापाशी मैत्रिणीला खजील व्हावं लागलं तर ते तुम्हालाच लागेल. बाळाचा पांढरा झगा शिवून देऊ का, असं तिला विचारून पाहा; गॉडमदरनं तो आणायची रीत त्यांच्या घरी असेल तर ती तसं सांगेल, मग दुसरं काही. त्या दिवशी पुढच्या बाकावर बसा आणि मुलालाही न्या. हा विधी बहुधा मिसमध्येच असेल, म्हणजे रांग पुन्हा लागेल. मुलाला आधीच सांगून ठेवा, की आपण बसायचं.